वेडी बाभूळ : शेंगांचा उपयोग आणि प्रसाराचा बंदोबस्त

कमी पावसाच्या, कोरड्या हवेच्या आणि नापीक किंवा खारवट जमिनीच्या प्रदेशांत जी काटेरी झुडपे तग धरून राहतात, त्यांत वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ या नावाने महाराष्ट्रात ओळखली जाणारी वनस्पती सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. परंतु तिच्याविषयीची माहिती काटे आणि सरपण या दोन गोष्टींपलीकडे सहसा जात नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत ओढ्यांच्या काठी, गायरानांत, तलावांच्या भरावांवर आणि पडीक रानांत ती माजलेली दिसते, आणि तिच्याखाली गवतही नीट उगवत नाही, म्हणून शेतकरी आणि मेंढपाळ तिच्यावर नाराज असतात. ही नाराजी रास्त आहे. तरीही तिची पिकलेली शेंग गोड व पौष्टिक असते, तिच्या मूळ प्रदेशात अशा शेंगांवर अनेक समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली, आणि हीच शेंग जनावरांच्या पोटातून नव्या जमिनीवर पोहोचून रान वाढवते. या तिन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या तर उपयोग आणि बंदोबस्त ही दोन वेगळी कामे उरत नाहीत, कारण जी शेंग वेळेवर गोळा होऊन दळली जाते तिच्यातून नवे झाड उगवत नाही. शेंगा ओळखण्यापासून त्या दळण्यापर्यंतची पद्धत, त्यांच्या वापरातील धोके आणि झुडपाचा प्रसार रोखण्याचे मार्ग यांची माहिती या लेखात क्रमाने दिली आहे.

नाव आणि ओळख

वनस्पतिशास्त्रात ही वनस्पती ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ या नावाने प्रसिद्ध आहे. ज्युलिफ्लोरा या लॅटिन शब्दाचा अर्थ लांबट तुऱ्यासारखी फुले असलेली असा होतो. अलीकडे, 2022 मध्ये, या प्रजातीची फेरमांडणी होऊन अमेरिका खंडातील बहुतेक जाती ‘नेल्टुमा’ या वेगळ्या प्रजातीत घालण्यात आल्या आहेत, त्यामुळे नव्या ग्रंथांत ती ‘नेल्टुमा ज्युलिफ्लोरा’ अशीही आढळेल. दसऱ्याला जिचे पूजन होते ती शमी, म्हणजेच राजस्थानातील खेजडी, मात्र ‘प्रोसोपिस’ याच प्रजातीत राहिली आहे. अमेरिकेतील या सर्व भाऊबंद झाडांना मिळून ‘मेस्किट’ म्हणतात आणि हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘मिझ्किट्ल’ या शब्दावरून आला आहे.

गावोगावी नावांची सरमिसळ होते आणि वेडी बाभूळ हेच नाव काही ठिकाणी दुसऱ्याच काटेरी झाडाला दिले जाते, म्हणून नावापेक्षा लक्षणांवर भरवसा ठेवणे श्रेयस्कर ठरते. या झुडपाच्या फांद्या नागमोडी असतात आणि पान जेथून फुटते त्या पेऱ्यावर काटे, बहुधा जोडीने, येतात. पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर पिसांसारख्या एक ते तीन जोड्या आणि प्रत्येक पिसावर लहान लांबट दलांच्या अनेक जोड्या असतात. सर्वांत निर्णायक लक्षण फुलांचे आहे. देशी बाभळीची फुले पिवळ्या गोंड्यासारखी गोल असतात, तर वेडी बाभूळ बोटासारखे लांबट, फिकट पिवळसर तुरे धरते. शेंगांतही फरक स्पष्ट दिसतो. देशी बाभळीची शेंग करड्या रंगाची, लवदार आणि दोन बियांमध्ये आवळलेली, गळ्यातील माळेसारखी दिसते. वेड्या बाभळीची शेंग साधारण वीतभर लांब, किंचित विळ्यासारखी वाकलेली, गुळगुळीत आणि पिकल्यावर वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगाची होते. सुबाभळीला काटे नसतात व तिच्या शेंगा पातळ, चपट्या आणि तपकिरी असतात. विलायती चिंचेच्या पेऱ्यावरही काटे असतात, पण तिची शेंग वळ्यांसारखी पिळदार असते. फुले आणि शेंगा या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणत्याही काटेरी झाडाची शेंग तोंडात घालू नये.

मूळ प्रदेश आणि भारतातील वाटचाल

या वनस्पतीचा मूळ प्रदेश मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हा आहे. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणण्यात आली. मद्रास इलाख्यातील वनाधिकारी बेडोम यांनी 1876 मध्ये तिचे बी मागवले आणि त्यानंतर कडप्पा परिसरात तिची लागवड झाली, तर साधारण त्याच काळात सिंधमध्येही ती लावण्यात आली. सरपणाची टंचाई आणि उडती वाळू या दोन अडचणींवर ती उत्तर ठरेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. जोधपूर संस्थानाने 1940 मध्ये तिला राजवृक्षाचा मान देऊन तिचे संरक्षण केले. कच्छमध्ये रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून 1960-61 च्या सुमारास बन्नीच्या सीमेवर 31,550 हेक्टरांवर तिची लागवड करण्यात आली. बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचा गवताळ प्रदेश त्या वेळी देशातील उत्तम कुरणांत गणला जात होता. आज त्याचा फार मोठा भाग या झुडपाने व्यापला आहे.

या यशाचे कारण तिच्या शरीररचनेत आहे. तिचे सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, खोलवरच्या पाण्यापर्यंत पोहोचते आणि वरची आडवी मुळे पावसाचे पाणी टिपून घेतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका उघड्या खाणीत मेस्किटची मुळे 53 मीटर खोलीवर सापडल्याची नोंद वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात, त्यामुळे नापीक जमीन तिला अडचणीची वाटत नाही. पानांत टॅनिन व अल्कलॉइड ही तुरट-कडू द्रव्ये असल्याने गुरे पाला सहसा खात नाहीत, शेंगा मात्र आवडीने खातात. पाला राखून शेंग देऊ करणे ही या झाडाची जगण्याची रीतच म्हणावी लागेल.

मूळ देशांतील अन्नपरंपरा

अमेरिकेच्या नैऋत्येस आणि मेक्सिकोच्या वायव्येस पसरलेल्या सोनोरा वाळवंटात पिमा (आकिमेल ओओधाम), तोहोनो ओओधाम, काहुइया आणि सेरी या समाजांनी मेस्किटच्या स्थानिक जातींच्या शेंगांना मुख्य अन्नाचे स्थान दिले होते. सेरी भाषेत तर शेंगेच्या वाढीच्या वेगवेगळ्या अवस्थांना स्वतंत्र नावे आहेत, यावरून त्या समाजाचे शेंगेकडे किती बारीक लक्ष होते हे कळते. वाळलेल्या शेंगा खडकात कोरलेल्या उखळांत किंवा लाकडी उखळात लांब मुसळांनी कुटत, पीठ चाळून घेत आणि कठीण बिया बाजूला काढत. पीठ ओलसर करून त्याचे घट्ट गोळे किंवा वड्या वाळवून ठेवल्या की त्या बरेच महिने टिकत आणि प्रवासात शिधा म्हणून बरोबर नेता येत.

दक्षिण अमेरिकेत याच गटातील दुसऱ्या जातींना ‘अल्गारोबो’ म्हणतात. अर्जेंटिनाच्या कोरड्या भागांत शेंगांच्या पिठाचे ‘पाताय’ नावाचे दाबून भाजलेले घट्ट पाव बनतात; शेंगा कुटून पाण्यात भिजवलेल्या गोड पेयाला ‘आन्यापा’ आणि आंबवलेल्या पेयाला ‘आलोहा’ म्हणतात. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर शेंगा उकळून व आटवून ‘अल्गारोबिना’ नावाचा गडद पाक तयार होतो आणि तो आजही बाजारात विकला जातो. ही उदाहरणे वेगवेगळ्या जातींची असली तरी शेंग वापरण्याचे तत्त्व सर्वत्र एकच दिसते, ते म्हणजे गोड गर काढून घेणे आणि कठीण बी वेगळे करणे. भारतात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे ‘काजरी’ने, वेड्या बाभळीच्या शेंगांपासून कॉफीसारखे पेय, पाक आणि बिस्किटे तयार करण्याच्या पद्धती विकसित केल्या असून पशुखाद्यातील वापरावरही काम केले आहे.

शेंगेची रचना

पिकलेली शेंग हातात घेऊन आडवी मोडली तर तिचे थर सहज दिसतात. सर्वांत बाहेर पातळ, पिवळी, कागदासारखी साल असते. तिच्या आत मऊ, स्पंजासारखा, बोटांना किंचित चिकटणारा गर असतो आणि शेंगेच्या एकूण वजनाचा निम्म्याहून अधिक भाग या गराचाच भरतो. गराच्या आत चामट कवचांचे चौकोनी कप्पे एकामागून एक ओळीने बसलेले असतात. प्रत्येक कप्प्यात एकच बी असते, तपकिरी, चकचकीत आणि इतके टणक की ते दातांनी फुटत नाही. एका किलोत अशा सुमारे 25,000 ते 30,000 बिया भरतात.

शेंगेतील साखर मुख्यतः गरात असते व ती बहुतांशी उसाच्या साखरेच्याच प्रकारची, म्हणजे सुक्रोज असते. प्रथिनांचे प्रमाण संपूर्ण शेंगेत साधारण दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास असते. पण प्रथिनांचा मोठा वाटा बियांत असल्याने फक्त गराचे पीठ घेतल्यास तो हाती येत नाही. बियांच्या आत गवारीच्या डिंकाच्या जातीचे गॅलॅक्टोमॅनन नावाचे चिकट द्रव्यही असते. कवचे आणि तंतू मिळून शेंगेत चोथा भरपूर असतो. म्हणून माणसांसाठी गराचे पीठ आणि जनावरांसाठी भरडलेली पूर्ण शेंग अशी विभागणी करणे सोयीचे ठरते.

शेंगा गोळा करण्याची पद्धत

शेंगांचा मुख्य बहर उन्हाळ्यात, साधारणपणे एप्रिल ते जून या काळात पिकतो आणि पाऊसमान व जागा यांनुसार दुसरा लहान बहर हिवाळ्याच्या तोंडाशी येतो. माणसांच्या अन्नासाठी उन्हाळी बहरच निवडावा, आणि तोही पहिला पाऊस पडण्यापूर्वी. ओल लागलेल्या गोड शेंगेवर बुरशी झपाट्याने वाढते व काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृताला घातक असते आणि उकळून किंवा भाजून ते पूर्णपणे जात नाही, म्हणून पावसात भिजलेली, काळे डाग पडलेली, कुबट वासाची किंवा जमिनीवर बराच वेळ पडून राहिलेली शेंग माणसाने खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये.

सगळ्या झाडांच्या शेंगा सारख्या गोड नसतात. एका झाडाची शेंग गुळासारखी लागते, तर शेजारच्याच झाडाची तुरट किंवा घशाला खवखवणारी निघते. म्हणून प्रत्येक झाडाची एक पिकलेली शेंग मोडून तिचा गर थोडा चघळावा, बी व चोथा थुंकून टाकावा, आणि चव नंतर कडवट लागत असल्यास ते झाड सोडून द्यावे. गोड शेंगांच्या झाडाला खूण करून ठेवल्यास दरवर्षी शोध घ्यावा लागत नाही. सांडपाण्याचे नाले, कारखान्यांचा परिसर, कचऱ्याचे ढीग, वर्दळीचे रस्ते आणि कीटकनाशके फवारलेल्या शेतांचे बांध येथील शेंगा गोळा करू नयेत.

पिकलेली शेंग हलक्या ओढीने देठापासून सुटते आणि हलवल्यावर कोरडा आवाज करते. हिरवी किंवा अर्धवट पिकलेली शेंग तुरट असल्याने ती ओढून काढू नये. झाडाखाली ताडपत्री किंवा जुनी साडी अंथरून आकडीने फांद्या हलवल्या तर शेंगा मातीला न लागता मिळतात. काटे पातळ चपलेतून आरपार जातात आणि कातडीत मोडलेला काटा सूज व पू यांना कारण होतो, म्हणून जाड तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, कातडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा यांत हयगय करू नये. लहान मुलांना या कामासाठी झुडपात पाठवू नये.

वाळवणे, साठवणे आणि दळणे

गोळा केलेल्या शेंगा निवडून, गरज असल्यास पाण्यातून झटकन काढून, कडक उन्हात पातळ थर देऊन तीन-चार दिवस वाळवाव्यात. शेंग वाकवल्यावर वाकून न राहता कटकन मोडली म्हणजे ती दळायला तयार झाली, असे समजावे. शेंगांवर दिसणारी बारीक गोल छिद्रे बियांत वाढणाऱ्या लहान भुंगेऱ्यांची असतात, आणि अशा शेंगा साठवणीत ठेवल्या तर उरलेले भुंगेरे सगळा साठा पोखरतात. त्यावर उपाय म्हणून वाळलेल्या शेंगा कढईत किंवा भट्टीत मंद आचेवर गरम करून घ्याव्यात, किंवा घरगुती प्रमाणात दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, आणि नंतरच हवाबंद डब्यात भराव्यात.

दळताना शेंगेतील साखरेमुळे अडचण येते. दमट हवेत गर लगेच ओल धरतो, जात्याला किंवा चक्कीच्या दगडांना चिकटतो आणि चक्की अडकून बसते. म्हणून भर उन्हाच्या दिवशी, शेंगा गरम आणि कुरकुरीत असताना दळण करावे, आणि पिठाच्या चक्कीऐवजी हातोड्यांसारख्या पात्यांनी माल फोडणारे पशुखाद्याचे भरडा यंत्र वापरावे. घरी थोडे पीठ हवे असल्यास उखळात कुटून किंवा मिक्सरमध्ये थोड्या थोड्या वेळाने थांबत फिरवून बारीक चाळणीने चाळावे. गराचे पीठ खाली पडते आणि कवचे व बिया चाळणीत उरतात. हे चाळण उकिरड्यावर टाकू नये, कारण त्यातील बिया जिवंत असतात. ते भरडून पशुखाद्यात मिसळावे किंवा जाळून टाकावे. पीठ तयार झाल्यावर ते हवाबंद डब्यात आणि शक्य तर थंड जागी ठेवावे, म्हणजे त्याचा गठ्ठा होत नाही.

स्वयंपाकातील वापर

गराचे पीठ फिकट तपकिरी, गोड आणि किंचित भाजल्यासारख्या वासाचे असते. गव्हातील ग्लुटेन हे चिकटपणा देणारे प्रथिन त्यात नसल्याने नुसत्या पिठाची पोळी धरत नाही. म्हणून ज्वारी, बाजरी किंवा गव्हाच्या चार-पाच भाग पिठात एक भाग शेंगेचे पीठ मिसळावे. अशा मिश्रणाची भाकरी, थालीपीठ किंवा गोड दशमी चांगली होते, मात्र साखरेमुळे ती तव्यावर लवकर करपते, म्हणून आच मंद ठेवावी. पाकासाठी मोडलेल्या शेंगा भरपूर पाण्यात तासभर किंवा अधिक उकळून, पंचातून गाळून, तो रस काकवीसारखा घट्ट होईपर्यंत आटवावा. कॉफीसारखे पेय हवे असल्यास शेंगांचे तुकडे गडद रंग येईपर्यंत भाजून, भरडून, पाण्यात उकळावेत. त्यात कॅफिन नसते.

या अन्नाची भारतात अजून सवय नाही, म्हणून पहिल्यांदा अगदी थोडे खाऊन पाहावे आणि पोट बिघडत नाही ना हे पाहून मग प्रमाण वाढवावे. शेंगदाणा, हरभरा यांसारख्या शेंगवर्गीय पदार्थांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि या झाडाच्या परागकणांचा त्रास होणाऱ्यांनी ते टाळावे. परागकणांमुळे होणारी सर्दी व दमा हा भारताच्या कोरड्या भागांतील ओळखीचा त्रास आहे. मधुमेह असलेल्यांनी शेंगेतील साखर ध्यानात घेऊन वैद्यकीय सल्ल्यानेच तिचा विचार करावा. पाने आणि हिरव्या शेंगा माणसाने खाऊ नयेत. बचत गट किंवा छोटा उद्योग पीठ वा पाक विकण्याचा विचार करत असेल, तर त्यापूर्वी अन्नसुरक्षेचे परवाने आणि प्रयोगशाळेतील अफ्लाटॉक्सिनची तपासणी या दोन्ही गोष्टी पूर्ण कराव्यात.

जनावरांसाठी शेंगा

दुष्काळी भागात शेंगांचा सर्वांत मोठा उपयोग पशुखाद्य म्हणून आहे, पण येथेच सर्वांत जास्त नुकसानही होते. उन्हाळ्यात चारा संपतो तेव्हा गुरे झाडाखाली पडलेल्या शेंगांवरच जगू लागतात, आणि बराच काळ मुख्य आहार शेंगांचाच राहिला तर त्यांतील अल्कलॉइड मज्जातंतूंना इजा करतात. जबडा हलवणारे स्नायू कमजोर होऊन जनावराचे तोंड वाकडे होते, चघळताना घास गळतो, लाळ वाहते आणि ते खंगत जाते. ब्राझीलमध्ये या रोगाला ‘वाकडे तोंड’ अशा अर्थाचेच नाव आहे. कच्छच्या बन्नीत गुरे पाळणारा मालधारी समाज कांकरेज गाईंकडून म्हशींकडे वळला, त्यामागे शेंगा खाऊन गाई आजारी पडणे हेही एक कारण मानले जाते. केनियातील बारिंगो भागात शेंगांतील साखरेने शेळ्यांचे दात किडून पडू लागले, आणि तेथील इल्चामुस समाजाने शासनाविरुद्ध दाद मागताना दात नसलेली शेळीच न्यायालयात हजर केली होती.

म्हणून शेंगा भरडूनच द्याव्यात आणि एकूण आहारात त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवून बाकीचा आहार कडबा, गवत, भुसा व पेंड यांचा असावा. भरडल्याने दोन फायदे होतात. टणक बी फुटल्याने त्यातील प्रथिने जनावराला मिळतात, आणि फुटलेले बी उगवत नाही. अख्खी शेंग खाल्ली तर बी पोटातून सुखरूप बाहेर पडते, पचनमार्गात त्याचे कवच मऊ होते आणि शेणाच्या ओलाव्यात ते सहज रुजते. इथिओपियाच्या आफार भागातील पाहणीत एक किलो शेणात या झाडाच्या 2,833 आणि एक किलो शेळीच्या लेंड्यांत 760 बिया मोजल्या गेल्या होत्या. ही संख्या लक्षात घेतली की ज्या कळपाने अख्ख्या शेंगा खाल्ल्या आहेत त्याचे ताजे शेण शेतात का टाकू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. असे शेण चांगले तापून कुजेपर्यंत खड्ड्यात ठेवावे, आणि कळप दुसऱ्या रानात नेण्यापूर्वी काही दिवस शेंगांविना चाऱ्यावर गोठ्यातच ठेवावा.

लाकूड, मध आणि डिंक

वेड्या बाभळीचे लाकूड जड आणि सावकाश जळणारे असून त्यातून किलोमागे सुमारे 4,200 ते 4,800 किलोकॅलरी उष्णता मिळते, त्यामुळे सरपण आणि कोळसा यांसाठी त्याला सतत मागणी असते. लाकूड वाळताना फार आकसत नाही, म्हणून सरळ ओंडके मिळाल्यास पाट, मुठी, दांडे आणि लहान फर्निचर यांसाठीही ते चालते. कोळसा पाडण्यासाठी आणि तोडीसाठी जमिनीच्या मालकीनुसार वनविभागाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागू शकते, तेव्हा ती आधी घ्यावी. फुलांत मकरंद भरपूर असल्याने मधमाश्या या झुडपावर मोठ्या संख्येने येतात आणि कच्छमध्ये गोळा होणाऱ्या मधात या फुलांचा वाटा मोठा आहे. खोडावर पाझरणारा पिवळसर-तपकिरी डिंकही गोळा केला जातो, मात्र तो मिळवण्यासाठी खोडावर अघोरी घाव घालू नयेत.

प्रसाराला आळा

हे झुडूप नव्याने लावू नये, ही पहिली आणि निरपवाद सूचना आहे. कुंपणासाठी किंवा धूप थांबवण्यासाठीही देशी पर्याय उपलब्ध आहेत. शमी, बोर, हिवर आणि देशी बाभूळ ही कोरड्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाडे असून त्यांच्यामुळे गवत संपून जात नाही. माळरान हे झाडे नसलेले रिकामे रान नसून गवत, कीटक, पक्षी आणि चराई यांची स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि वेडी बाभूळ माळरानात शिरली की सर्वांत आधी गवत नाहीसे होते.

उभ्या झुडपाला फक्त वरून तोडले तर जमिनीलगतच्या डोळ्यांतून अनेक धुमारे फुटतात आणि एका खोडाच्या जागी काटेरी जाळी तयार होते. म्हणून काढायचेच असल्यास बुंध्याभोवतीची माती उकरून मूळ जमिनीखाली साधारण वीतभर ते फूटभर खोलीवर तोडावे, म्हणजे धुमारे फुटणारा भाग बाहेर येतो. मुरमाड उतारावर, ओढ्याच्या काठावर किंवा तलावाच्या भरावावर एकदम सगळी झुडपे उपटू नयेत. तेथे टप्प्याटप्प्याने काढून मोकळ्या जागेत गवताचे बी व देशी रोपे आधी लावावीत, नाहीतर माती वाहून जाते आणि त्याच जागी नवी वेडी बाभूळ उगवते. ज्या गावाला सरपण किंवा शेंगांसाठी काही झाडे ठेवायची आहेत, त्याने फुटवे काढून एकेरी खोड वाढवावे. अशा झाडाखाली फिरता येते, शेंगा हाताशी येतात आणि त्या एकही न सोडता गोळा करणे शक्य होते.

या सर्व कामांची वर्षभराची मांडणी गावाच्या ओळखीच्या ऋतुचक्रात सहज बसते. चैत्र-वैशाखात गोड झाडे पाहून शेंगा उतरवाव्यात, वाळवाव्यात आणि पावसाच्या आधी दळून घ्याव्यात. ज्येष्ठ-आषाढात पहिल्या सरींनंतर जमीन ओली असताना बोटभर उंचीची रोपे हाताने उपटावीत, कारण तेव्हा ती मुळासकट निघतात आणि महिनाभरानंतर त्यांना कुदळ लागते. हिवाळ्यात दुसऱ्या बहराच्या शेंगा पशुखाद्यासाठी भरडाव्यात आणि मोठी खोडे मुळासह काढावीत. जमिनीतील जुने बी काही वर्षे उगवतच राहते, म्हणून हा क्रम एका वर्षात संपवता येत नाही. गावाने तो सलग काही वर्षे नेटाने पाळला, तर भरडा यंत्रात गेलेल्या प्रत्येक पोत्यामागे गायरानात उगवणाऱ्या रोपांची संख्या कमी होत जाईल आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गवताला पुन्हा जागा मिळेल.